दिव्याखालचा सॅलॅमँडर

माझा धाकटा भाऊ म्हणेल ती पूर्व दिशा. बोनकोड्यातल्या त्याच्या घरी त्याला कोणी उलट बोलत नाही. मी बोलते, म्हणून मी भांडखोर.

गेल्या मे महिन्यात त्याच्याकडे गेले, तर हॉलमध्ये काचेची पेटी. आत कोरडी वाळू, वर भगभगता बल्ब, आणि त्याखाली काळ्या अंगावर पिवळे ठिपके असलेला सॅलॅमँडर मान टाकून पडलेला. भाचीच्या वाढदिवसाची भेट म्हणे.

"दुकानवाला बोलला, पालीच्या जातीचा हाय. ऊब लागते त्याला," भाऊ ऐटीत म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, पण हे कळायला कॉलेज कशाला हवं? पालीच्या अंगावर खवले असतात, बोटांना नखं असतात. याला खवले नाहीत, नखं नाहीत, नुसती मऊ ओलसर कातडी. हा उभयचर, बेडकाच्या नात्यातला. बेडकाची शेपूट मोठेपणी जाते, याची राहते, आणि तेवढ्या शेपटीवरून लोकांनी याला पाल करून टाकलं! अरे, तो कातडीतूनही श्वास घेतो, आणि त्यासाठी ती ओली लागते.

"बंद कर आधी तो बल्ब! मरेल तो!"

"ताई, तुझं कॉलेज इथं नको. तो मानूस रोज इकतो, त्याला कलत नाय?"

"आत्या, मी पन सांगितलं," भाची रडवेली झाली होती. चौथीतली पोर. तिनं पुस्तकात याचं चित्र बेडकाशेजारी पाहिलं होतं. तिनं पाणी शिंपडलं, तर बापानं बाटलीच काढून घेतली. का, तर वाळू खराब होते! वाळू!

मी बल्ब बंद केला. त्यानं पुन्हा लावला. मग मी प्लगच उपटला, आणि आम्ही दोघं शेजारपाजारी ऐकू जाईल असे भांडलो. तेवढ्यात भाचीनं रुमाल भिजवून त्या जिवाला त्यात उचलून घेतलं. कातडी पापडासारखी कडक झाली होती. मी हात लावून पाहिलं. तो गेला होता.

भाऊ मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "रडू नको गो. संध्याकाळी दुसरा आनू."

तिनं तो हात झटकून टाकला.

"नको पप्पा. तुमी त्याला पन पालच म्हनाल."