फेहीनचे कपडे

फेहीनला पुरलं, आणि त्याचे कपडे घालायला माणूस मिळेना. आमच्याकडे मेलेल्याचे कपडे कुणीतरी तीन रविवार चर्चमध्ये घालून जायचे, तेव्हा ते त्याला पलीकडे पोचतात. नाहीतर तो तिथे उघडा.

त्याची बायको नान्शी माझी शेजारीण. तिने जन्मभर नवऱ्याच्या अंगाला दुकानातलं कापड लागू दिलं नाही. स्वतः लोकर कातली, विणली, शिवली. पांढऱ्या कापडाचा सदरा तो बॉनीन, विजारीचं जाडंभरडं कापड ते ब्रेजीन, कमरेचा रंगीत पट्टा तो क्रिस. आमच्या जुन्या बोलीतली ही नावं आता आम्ही दोघीच घेतो. तिची पोरं बॉस्टनला. त्यांच्या फोटोत जो तो जॅकेटात.

फेहीन ताडमाड, आणि गावात उरलेत वाकलेले म्हातारे. नान्शी दुकानदार कोलीनला कपडे घालशील का विचारायला गेली, तेव्हा मी सोबत होते.

"अगं, त्या विजारीत मी न् माझी बायको दोघं मावू!" कोलीन म्हणाला. "आणि हे आता पाळतं कोण?"

"दात काय काढतोस मेल्या? तुझी पाळी आली की कळेल," मी म्हणाले. नान्शी दाराकडे वळलीसुद्धा, त्याचा मला जास्त राग आला.

रविवारी तिला हाक मारायला गेले, तर बाई नवऱ्याच्या कपड्यांत उभी! विजार पिना लावून वर टाचलेली, बाह्या दुमडलेल्या.

"नान्शी, फादर काय म्हणतील?"

"थंडी फादरला वाजणार आहे का?"

चर्चमध्ये बाकावरच्या बायका तिच्यापासून लांब सरकून बसल्या. ती मान खाली घालून पुटपुटत होती, "बॉनीन फेहीनला. ब्रेजीन फेहीनला. क्रिस फेहीनला." एकही वस्तू वाटेत राहू नये म्हणून. ऐकताना मला रडू आलं.

तिन्ही रविवार तिने असेच काढले. शेवटच्या रविवारी परतताना ती फाटकापाशी थांबली.

"त्याचं झालं. माझे कोण घालणार गं?"

"मी मेले का?"

तिने माझ्या काठीकडे पाहिलं. "तू माझ्याहून वयाने केवढी मोठी. तुझे मलाच घालावे लागतील."

आम्ही दोघी हसलो. मग कुणालाच हसता येईना: मागे उरेल तिचे कोण घालणार?