निधी की निक्षेप

एकाच कचेरीत चार माणसं वीस वर्षं बसली की किस्से साचतातच, दौतीच्या तळाशी गाळ साचतो तसे. आमचे बहुतेक एकाच विहिरीतून निघाले. ऐकणारे हसतात. मीही पूर्वी हसत असे.

देवासहून सोनकच्छला जाताना आमचं गाव लागतं. जहागीरदार दोन, सख्ख्या भावांचे वंशज. मी थोरल्या वाटणीचा कारकून, बापूराव धाकटीचे. दोन कचेऱ्यांमध्ये एकच भिंत.

मूळ सनदेत गाव दिलं होतं ते ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’. भाऊ वेगळे झाले तेव्हा त्यांनी हे शब्दही वाटून घेतले. जल थोरल्याला. पाषाण, निधी, निक्षेप धाकट्याला. बाकीचं दोघांत सामाईक.

*

गावात विहीर नव्हती. बायका नाल्याचं पाणी भरत, माझी पत्नी द्वारकाही. उन्हाळ्यात त्याच पाण्याने पटकी येई. म्हणून थोरल्यांनी विहीर काढायला घेतली. पुरुषभर खोलीवर खडक लागला, आणि बापूराव काठावर येऊन उभे राहिले.

“पाणी तुमचं, रावसाहेब. दगड आमचा. हात लावू नका.”

“दगड काढल्याशिवाय पाणी लागेल कसं?” मी विचारलं.

“ते सनदेत नाही.”

शेवटी दगड धाकट्यांनीच काढून न्यायचा ठरला. तो नेल्यावर त्यांचा नवा अर्ज आला: ‘दगड आम्ही नेला. मागे राहिलेला खड्डा कोणाचा?’

उत्तराचे तीन मसुदे मी केले.

*

पाणी लागलं त्या दिवशी खणणारा नानूराम चिखलाने माखून वर आला. काठावर दोन्हीकडचे कारकून पाहून म्हणाला, “भिया, पाणी तो अई ग्यो. अब पीवेगा कुण?”

खड्डा कोणाचा याचा निकाल लागेपर्यंत विहिरीवर पहारा बसला.

*

आमच्या धन्यांनी इंदूरहून लोखंडी नळ मागवला. जमिनीखालून पाणी थेट आमच्या हद्दीत आणावं, म्हणजे वाद मिटला. बापूरावांनी नळावर टिचकी मारून पाहिली.

“लोखंड दगडातूनच निघतं ना? मग हा पाषाण.”

नळ त्यांच्या चौकात जप्त होऊन पडला. त्यावर शिपायाची धोतरं वाळत.

*

एका दुपारी पहारेकऱ्याचा डोळा लागलेला पाहून द्वारकेने विहिरीत घागर सोडली. तो जागा होऊन ओरडला. तिच्या हातून दोर सुटला. रिकाम्या हाताने घरी आली आणि मला म्हणाली, “पाणी तुमचं म्हणता, मग चोर मी कशी?”

मी म्हणालो, “प्रकरण चालू आहे.”

ती पुन्हा नाल्यावर जाऊ लागली.

*

घागर काढायला नानूरामला बोलावलं. त्याने आधी दिवा सोडला. तो निम्म्यावरच विझला. खाली विषारी वायू कोंडला होता.

बापूरावांनी सनद उघडली. “जल आहे, पाषाण आहे. वायू कुठेच नाही.”

लिंबाची डहाळी दोराला बांधून वरखाली केली की असा वायू निघून जातो, हे नानूरामला ठाऊक होतं. पण डहाळी म्हणजे तरु, आणि तरु सामाईक. तोडायला दोन्ही धन्यांच्या सह्या लागणार. कागद फिरत राहिला. वैशाख आला.

द्वारका पटकीने एका दिवसात गेली.

*

तिचे दिवस झाल्यावर दोन्ही कचेऱ्यांना जाग आली. सह्या झाल्या, डहाळी तुटली, नानूराम उतरला. त्याने दोराला बांधून पहिली वर पाठवली ती घागर. तिच्या काठावर टोचलेलं नाव वाचता येत होतं: सौ. द्वारका.

बापूराव वही घेऊन आले. “वहिनींची आहे, मला का ठाऊक नाही? पण खडकाच्या पोटात सापडलेली वस्तू. रकाने दोनच. पुरलेलं धन असेल तर निधी. ते सरळ धाकट्यांचं. निक्षेप म्हणजे ठेव; तसं लिहिलं तर परत देता येते. फक्त ठेव ठेवणाऱ्याने स्वतः येऊन...”

बोरू हातातच राहिला.

घागर काठोकाठ भरलेली होती. मी ती सांडू न देता त्यांच्यापुढे सरकवली.

“जल लिहा,” मी म्हणालो.

बापूरावांनी घागरीत पाहिलं. मग निधी आणि निक्षेप, दोन्ही रकान्यांवर रेघ ओढली आणि वळणदार अक्षरात लिहिलं: ‘जल, घागरीसह.’