शिकागोचा मेयर आणि आमच्या लॉंड्रीतलं मतदान

त्या दुपारी लॉंड्रीच्या टी-रूममध्ये आम्ही चौघं होतो. मी, फिजीहून आलेली माझी मैत्रीण, चादरींच्या घड्या घालणारी इटालियन म्हातारी आणि व्हॅन चालवणारा गोरा. दर वेळी तोच आमचा डेलिगेट व्हायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मॅनेजरशी बोलणारा.

मी वसईची, चौथीपर्यंत शिकलेली. नवरा अंथरुणाला खिळला, म्हणून सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातून ट्रेनने शिफ्टला जायला लागले. ओल्या चादरींची गोणी एकेकटीने उचलायची. दोन वर्षांत कंबर धरली. रडून काय होणार, उचलत राहिले. मला एवढंच हवं होतं, एका गोणीला दोन बायका लावा. व्हॅनवाल्याला तीनदा सांगितलं. तो म्हणायचा, नो वरीज, काळजी नको; मॅनेजरला मात्र कधी सांगितलं नाही. शेवटी बायकांनी डेलिगेटसाठी माझंच नाव दिलं. ते मी मागे घेणार होते. काळी बाई, इंग्रजी मोडकं, मत कोण देणार?

तेवढ्यात रेडिओवर बातमी लागली. अमेरिकेत शिकागो म्हणून मोठं शहर आहे, तिथे पहिल्यांदाच काळा माणूस मेयर म्हणून निवडून आला. व्हॅनवाला हसून म्हणाला, आता तूही मेयर होणार वाटतं. मी चहा संपवला आणि नाव तसंच ठेवलं.

शुक्रवारी मतदान झालं. कागदावर दोन नावं, खूण करून बिस्किटांच्या डब्यात टाकायचा. मी खूण केली व्हॅनवाल्याच्या नावापुढे. आपणच आपल्याला मत देणं म्हणजे हावरटपणा, असं वाटलं मला. मैत्रिणीने ते बघितलं.

"पागल है क्या? वो शिकागोवाला दूसरे को वोट देके आया था क्या?"

तिने तो कागद फाडला, दुसरा मागून आणला. मग मी खूण माझ्या नावापुढे केली.

म्हातारीने सगळ्यांसमोर कागद मोजले. मी एका मताने जिंकले. तो पहिला कागद डब्यात पडला असता, तर हरले असते. व्हॅनवाल्याने हात पुढे केला. "गुड ऑन यू, मेयर," म्हणाला, म्हणजे शाब्बास. लॉंड्रीत मग सगळे मला मेयरच म्हणायला लागले.

सोमवारी मॅनेजरसमोर उभी राहिले. मोडकं बोलले, पण बोलले. त्याच आठवड्यात एका गोणीला दोघी लागल्या. पहिली गोणी मी आणि मैत्रिणीने उचलली.

हे वाचणाऱ्या बायांनो, तुमच्या कामावर अशी निवडणूक आली तर नाव द्या, आणि खूण स्वतःच्या नावापुढे करा.