साहेबाची इंग्रजी विनंती

आता आपली फजिती आपल्याच तोंडानं सांगायची म्हणजे जीवावर येते. पण चहा तुमचा हाये, तं सांगतो राजेहो! हसा, पण कप सांभाळून हसा.

स्वराज्य येऊन चार-पाच वर्सं झाली होती. चांदा जिल्ह्यातल्या आमच्या जंगलातल्या गावात मॅट्रिक झालेला माणूस एकच. कोण म्हणता? अजी, मीच! भर उन्हाळ्यात कोट घालून फिरत होतो. बैलालेही 'कम, कम' म्हणून हाका मारत होतो, अन् बैल बिचारा येतही होता!

आम्ही ढिवर लोक, जाळ्यावर जगणारे. नामदेवकाकाच्या पोरीचं लग्न तोंडावर आलं अन् गावचा तलाव आटला. पाणी उरलं ते जंगलखात्याच्या बंगल्यामागच्या तलावात. पण तिथी इंग्रजी पाटी ठोकलेली!

"बाबू, वाच बा," काका म्हणे. "वऱ्हाडाले मासे नाई वाढले तं माही काय इज्जत राहीन?"

सारं गाव मागं उभं. मी कोटाची गुंडी लावली अन् खणखणीत वाचलं, "व्हिजिटर्स आर काइंडली रिक्वेस्टेड नॉट टु फिश इन धिस टँक!"

वा! पोरायनं तं टाळ्याच वाजवल्या!

"म्हणजे, पाहुण्यांनी इथी मासे धरू नये, अशी नम्र विनंती."

"विनंती?" काका चाटच पडला. "सरकार विनंती करते?"

खरंच, तोवर आम्ही सरकारकडून 'खबरदार' अन् 'सक्त मनाई' एवढंच ऐकलं होतं. मले तं चेवच आला!

"अजी काका, मनाई असती तं मनाई लिवली असती ना! साहेब हात जोडून राह्यला. अन् तेही पाहुण्यायले. आपण का पाहुणे हाओ? आपण तं इथचेच!"

झालं! जाळी पडली. मासे तं असे निघाले, का टोपल्या पुरेनात!

आता आमच्याकडे कोणाची विनंती मोडली, तं त्याच्या घरी रिकाम्या हातानं जात नाई. म्हणून सर्वांत मोठा रोहू डोक्यावर घेऊन वरात निघाली बंगल्यावर. पुढं कोण? मीच!

रेंजरसाहेब तोंडाले साबण लावून दाढी करत बसले होते. मी छाती काढून म्हटलं, "सर, युवर रिक्वेस्ट इज नॉट पॉसिबल!"

"कुठला मासा हा?"

"तुमच्याच तलावातला साहेब!" काका खुशीत बोलला. "एकदम ताजा!"

पुढच्या घडीले सारी जाळी जप्त! काका मटकन खाली बसला. "बाबू, लग्न होऊन जाईन रे. पण जाळं गेलं तं मी खाऊ काय?"

माही इंग्रजी कुठच्या कुठी पळाली. साहेबाचे पाय धरले. "साहेब, या लोकायचा कसूर नाई. पाटी मीच वाचून देल्ली!"

सारं ऐकून साहेब असे हसले, का साबण सदऱ्यावर. "अबे, इंग्रजी हुकूम असाच गोड बोलते!"

जाळी सोडली, मासेही देले. अट एकच, मी मराठीत पाटी लिवून द्यायची.

लग्नात वऱ्हाड बोटं चाटत जेवलं. अन् पाटी? अहाहा! 'इथे मासे धराल तर जाळे जप्त.' असं वळणदार अक्षर, का आजही सांगताना छाती फुगते! मी सारं गाव गोळा केलं अन् वाचाले घसा साफ केला.

काकानं हळूच माह्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे बाबू. कोणी शिकलेला माणूस येऊ दे, मंग वाचून घेऊ."