बारदान वजा

विजापूरमार्गे बेंगळुरूला जाणारी गाडी सोलापूर स्टँडवरून सुटली, तेव्हा खिडकीखाली फक्त माझी आई, अव्वा होती. वडील, आप्पा, मार्केट यार्डात, दुकानावर. सकाळचे सौदे ते कुणासाठी थांबवत नाहीत. अव्वाने कडक भाकरीची पिशवी आत दिली. मी ती पदवीच्या फायलीवर ठेवली. रडू आलं नाही. रागही नव्हता, तो आदल्या दिवशी दुकानात सगळा खर्च झाला होता.

आप्पा ज्वारीचे व्यापारी. पोत्यात हात घालायचा, दाणा दाताखाली फोडायचा आणि भाव सांगायचा. मला ते लहानपणापासून सांगत, "डिग्री झाली की गादीवर बस. आधी न्हाय." मी तो सौदा समजलो. कॉलेजात जादा विषय घेऊन तीन वर्षांचं बी.कॉम. अडीच वर्षांत संपवायची सोय होती. क्लार्क म्हणाले, असं अजून कुणी मागितलं नाही. मी त्यांच्या टेबलापुढून हललो नाही. नियमाचा कागद दाखवला, भांडलो, सही घेतली. दोन वर्षं गड्ड्याच्या जत्रेलाही गेलो नाही. का, तर नवी ज्वारी यार्डात येईल तेव्हा मी गादीवर असावं.

रिझल्ट घेऊन थेट दुकानावर गेलो. आप्पांनी कागद उलटसुलट पाहिला.

"तीन वर्साचं पीक अडीच वर्सात? लवकर निसवलं की दाणा भरत न्हाय. मधीच सोडलं व्हय कालेज?"

समोर चार गिऱ्हाइकं, दोन हमाल. मी समजावलं. मग ओरडून समजावलं. शेवटी फाईल काट्यावर आपटली. "करा वजन! बघा भरलाय का न्हाय!"

आप्पांनी शांतपणे आकडा वाचला. "तीनशे ग्रॅम. बारदान वजा कर की."

हमालसुद्धा हसले. बारदान म्हणजे रिकामं पोतं. मालाच्या वजनातून ते वजा करतात. फाईल वजा केली तर माझं काय उरतं, ते सगळ्यांना कळलं.

"अजून सा म्हैने बस कालेजात. मग बघू," एवढंच ते पुढं म्हणाले. संपलेल्या कॉलेजात मी बसणार कुठे? दुसऱ्या दिवशी गाडी धरली.

आता मी इथे एका कंपनीचं पर्चेस बघतो. धान्याचे व्हेंडर सॅम्पल घेऊन येतात. मी मॉइश्चर मीटर लावतो आणि मीटरने पास केलं तरी एक दाणा दाताखाली फोडतो. माझं घरचं, अक्कलकोटकडचं कन्नड ऐकून सुरुवातीला ते हसायचे. दर ठरवायला बसलो की हसत नाहीत. कुणी पहिल्याच आकड्याला हो म्हटलं की मला वाटतं, माल उणा आहे. ही खोड कुणाची ते मला माहीत आहे. यार्डातले लोक अजून मला 'कॉलेज सोडलेला' म्हणतात, तेही माहीत आहे. पूर्वी हे ऐकून अंगाचा तिळपापड व्हायचा. आता काही होत नाही, आणि ते बरं की वाईट, कळत नाही.

फोनवर आप्पा हवापाणी विचारतात. डिग्रीचं नाव ते काढत नाहीत, मीही काढत नाही.

यंदा त्यांनी पार्सलने ज्वारीचं पोतं पाठवलं. वर त्यांच्या अक्षरात माझं नाव आणि 'पन्नास किलो'. सवयीने गोडाऊनच्या काट्यावर चढवलं. पन्नास किलो सहाशे ग्रॅम. पुन्हा चढवलं, तेवढंच. रिकामं पोतं सहाशे ग्रॅमचं असतं. म्हणजे आत ज्वारी पुरी पन्नास. आप्पांनी सख्ख्या भावालाही पन्नास दिले ते पोत्यासकट.

त्यांनी मुद्दाम केलं की वयाने चुकले, मी विचारलेलं नाही. विचारलं तर 'चुकलं' म्हणतील. घर म्हणजे सध्या माझ्यापाशी एवढंच आहे, सहाशे ग्रॅम. मी घासाघीस करणारा माणूस. हे कमी आहे, हे मला कळतं. ज्वारी संपली. पोतं झटकलं, घडी घातली आणि कपाटात फायलीखाली ठेवलं.