चिंचेने घासलेलं नाणं

ऑफिसच्या कामाने दर मंगळवारी जळगावहून एस.टी.ने धुळ्याला जायचो. उतरेपर्यंत अंग आंबून जाई. तिथे पांझरा नदीच्या पुलाजवळ एक म्हातारा पोतं अंथरून जुनी कुलपं, अडकित्ते आणि नाणी विकायला बसे. विकायची घाई त्याला कधी दिसली नाही. उजव्या हाताचा अंगठा तेवढा सदऱ्याच्या खिशात काहीतरी चोळत असायचा.

एकदा मी त्याला माझं नाणं दाखवलं. शिरपूरला सासऱ्यांच्या शेतात नांगराला लागलेलं, तांब्याचं, हिरवा गंज चढलेलं. घरी वाटीत चिंच भिजत घातलीच होती. तरी विचारलं, "आबा, घासू का?"

त्याने नाणं उन्हात कलतं धरलं. गंजाआडून दोन अक्षरं पुसट दिसत होती. मग खिशातून स्वतःचं नाणं काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवलं. काळपट, अंगाच्या उबेने कोमट, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत.

"हाई बी असंच सापडेल व्हतं. मी चिच लाईसन घासं. सोनासारखं चमकनं," तो म्हणाला. "तवयपासून खिशात ठेवस. रंग परत उना, भाऊ. अक्षरं नही उनात."

काळपट रंग परत आला होता, घासून गेलेली अक्षरं मात्र आली नव्हती. त्याने नाणं परत खिशात टाकलं.

घरी त्या चिंचेचं बायकोने सार केलं. माझं नाणं अजून हिरवंच आहे. पुढे कितीतरी मंगळवार मी त्या पुलावरून गेलो. त्याचा अंगठा खिशात अक्षरं शोधतच होता.