मूठभर जास्त

काटेकाकांचं आडनाव काटे नव्हे. ते वजनकाटे दुरुस्त करतात म्हणून काटेकाका. किराणा दुकानातला काटा असो, सोनाराचा काचेच्या पेटीतला तराजू असो की अख्खा ट्रक चढवायचा भुईकाटा असो, बिघडला की लोक काकांना हाक मारतात, आणि काका आपली लाकडी पेटी काखोटीला मारून निघतात. पेटीत मखमलीच्या खळग्यांमध्ये पितळी वजनं बसलेली असतात. त्यांना काका उघड्या हाताने कधी शिवत नाहीत, फडक्यात धरून उचलतात. "हाताचा घाम लागतो," ते सांगतात, "आणि घामालाही वजन असतं." यावर एक किराणावाला म्हणाला होता, "आमच्या घामाचं वजन कुणी धरलं नाही हो आजवर." पण कामाच्या वेळी काकांना विनोद चालत नाही.

अशा माणसाच्या शब्दाला किंमत असते. गिऱ्हाईक आणि दुकानदार भांडायला लागले की "काकांना बोलावू का?" एवढ्यावर भांडण मिटायचं. मापात पाप नको असं सगळेच म्हणतात, काकांचं तर पोटच त्यावर चालायचं. म्हणून पुढे जे झालं ते सांगताना आजही त्यांची मान वर होत नाही. सांगतात मात्र. न विचारता सांगतात.

झालं ते एका पिल्लापायी. भंगारवाल्या शेठचा भुईकाटा काकांनी एका दिवसात ताळ्यावर आणला. शेठ खूश. त्यांच्या आवारात राखणीला एक थोराड जातीची कुत्री होती, तिला पिल्लं झाली होती. त्यातलं एक त्यांनी काकांच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "घेऊन जा. हा मोठा होतो बरं का."

"किती मोठा?" घरी काकूंनी विचारलं. काकांनी हात गुडघ्याशी धरला. पुढच्या आठवड्यात शेठकडे चौकशी करून आले तेव्हा हात मांडीशी होता. महिनाभराने काकूंनी पुन्हा विचारलं तेव्हा काकांनी हात खिशात घातला.

लेकीने त्याचं नाव ठेवलं क्विंटल. "बाबांच्या घरात दुसरं कुठलं नाव शोभणार?" ती म्हणाली. क्विंटल दोन महिन्यांचा होता आणि त्याचे पंजे मात्र दुसऱ्या कुठल्यातरी मोठ्या कुत्र्याकडून उसने आणल्यासारखे होते. चालताना स्वतःच्याच पायावर पाय देऊन पडायचा आणि कुणी पाडलं म्हणून मागे वळून बघायचा.

जनावरांच्या डॉक्टरबाई काकांच्या ओळखीच्या. त्यांच्या दवाखान्यातला काटाही काकांनीच लावलेला. त्यांनी क्विंटलला त्यावर बसवलं, आकडा लिहिला आणि स्पष्ट सांगितलं, "मोठ्या जातीचं पिल्लू आहे. हाडं भराभर वाढणार. अंग हाडांच्या आधी जड झालं तर पाय वाकतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचंच अन्न द्या, मोजून द्या. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. आणि वरून कॅल्शियमची पावडर वगैरे अजिबात नको. लोकांना वाटतं हाडं मजबूत होतात. उलटं होतं."

"मोजण्याचं मला नका सांगू," काका म्हणाले. डॉक्टरबाई हसल्या. काकाही हसले. ते हसू त्यांना पुढे फार महागात पडलं.

दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर एक चकचकीत पोतं होतं. त्यावर एक ऐटदार कुत्रा उन्हात उभा. काकांनी तेच घेतलं. काकूंनी किंमत वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"अहो, हे त्याच्यासाठीच आहे ना? की आपण तिघांनी पण खायचंय?"

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हिशेब बसला. लेक कुरिअरच्या ऑफिसात काम करते, तिला आकडेमोड येते. पोतं पंधरा किलोचं. आज रोज तीनशे ऐंशी ग्रॅम, पुढच्या महिन्यात पाचशे, आणि हे दीड वर्ष चालणार. काकांनी कपातीची यादी केली. बाहेरचे दोन चहा बंद. पेपर बंद. केस दोन महिन्यांनी एकदा.

"केस कुठे उरलेत?" लेक म्हणाली.

"म्हणून तर परवडतं."

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात," काकू म्हणाल्या, "आणि याचे पाय बघा आधी. हे बघा, माझ्या दाढेच्या कामाचे पैसे बाजूला ठेवलेत, त्यातले थोडे घाला."

"मी पण महिन्याला थोडे देते," लेक म्हणाली.

"काही नको," काका म्हणाले. "कुत्रा मी आणलाय. त्याचं मी बघतो."

इथे एक गोष्ट घरात कुणाला ठाऊक नव्हती. काकांचं काम निम्म्यावर आलं होतं. आता दुकानांत आकडे चमकणारे नवे काटे आले होते. ते बिघडले की दुरुस्त करत नाहीत, फेकतात. काका तरीही रोज नऊला पेटी घेऊन बाहेर पडत. काही दिवस दोन कामं असत, काही दिवस एक, आणि काही दिवस बसस्टॉपच्या बाकावर पेटी मांडीवर घेऊन ते येणाऱ्या-जाणाऱ्या बसचे नंबर वाचत. संध्याकाळी घरी येऊन म्हणत, "दमलो."

पहिलं पोतं संपलं तेव्हा दुसऱ्याचे पैसे नव्हते. बाजाराच्या टोकाला एक कोंबड्या-गुरांच्या दाण्याचं दुकान आहे. तिथे उघड्या गोणीत तपकिरी गोळ्या होत्या, त्या पोत्याच्या चौथ्या हिश्शाच्या किमतीत.

"कसलं आहे हे?" काकांनी विचारलं.

"कुत्र्याचं."

"पिल्लाला चालतं?"

"काका, याच्यावर आमच्याकडे कोंबड्या पण वाढल्यात."

दुकानदार मोजायला लागला आणि काकांच्या लक्षात आलं की काटा दहा ग्रॅम कमी दाखवतोय. त्यांनी पेटी उघडली, फडक्यात वजन धरलं, काटा तिथल्या तिथे बरोबर केला. एक पैसा घेतला नाही. मग घडी करून आणलेलं ते चकचकीत पोतं त्यांनी पिशवीतून काढलं आणि त्यात त्या गोळ्या ओतून घेतल्या. दुकानदार बघत होता. काकांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

घरी रोजचा सोहळा तसाच चालू राहिला. पोत्यावरचा ऐटदार कुत्रा सगळ्यांकडे बघतोय, काका छोट्या तराजूवर वाटी ठेवून मोजताहेत, काकू म्हणताहेत, "किती जीव लावलाय हो." ते शब्द कानावर आले की काका वाटीतलं वजन उगाच पुन्हा तपासायचे. हलकं अन्न देतोय तर निदान जास्त तरी द्यावं, म्हणून सगळ्यांची पाठ वळली की काका पोत्यात हात घालत आणि एक मूठ वाटीत टाकत. आयुष्यभर ग्रॅमने बोललेला माणूस मुठीवर आला. तेवढ्याने मन भरेना म्हणून दाण्याच्या दुकानातून कॅल्शियमची पावडर आणली. रोज एक चमचा. डॉक्टरबाईंनी नको म्हटलं होतं ते त्यांना आठवत होतं. पण त्यांनी नको म्हटलं होतं ते चांगल्या अन्नावर, असा काकांनी अर्थ लावला. अपराधी माणसाला अर्थ लावणं फार चांगलं जमतं.

क्विंटल फुगला. शेजारी म्हणाले, "काय मस्त अंग धरलंय पिल्लाने." काकांना बरं वाटायचं आणि लगेच बरं वाटल्याचं वाईट वाटायचं.

साडेचार महिन्यांचा झाला तेव्हा लेकीच्या लक्षात आलं. "बाबा, हा असा काय उभा राहतो?" पुढचे दोन्ही पाय मनगटापाशी बाहेर वळले होते. जिन्याच्या दोन पायऱ्या चढला की तो खाली बसायचा आणि वर बघायचा.

डॉक्टरबाईंनी पाय चाचपले. बराच वेळ चाचपले. मग विचारलं, "खायला काय देता?"

काकूंनीच पोत्याचं नाव सांगितलं. कौतुकाने सांगितलं.

"किती?"

"पाचशे ग्रॅम," काका म्हणाले.

"पावडर वगैरे?"

"नाही."

"दुसरं कुणी सांगितलं असतं तर मी पहिली शंका खाण्यावर घेतली असती," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण तुमच्या मोजण्यावर काय शंका घेणार? म्हणजे खाणं बरोबर आहे. मग हाडांत जन्मापासूनच काही दोष असेल. मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. हाडांचे फोटो, रक्त, आणखी दोन-तीन तपासण्या." त्यांनी खर्च सांगितला. "आणि काका, दोष निघाला तर मी खोटी आशा देणार नाही."

बाहेरच्या बाकावर एक बाई टोपलीत मांजर घेऊन बसली होती. पलीकडे पिंजऱ्यात पोपट. क्विंटल काकांच्या बुटावर हनुवटी टेकून पडला. काकूंनी पर्स उघडली आणि एक पाकीट काढून काकांच्या हातात दिलं.

"दाढेचे आहेत."

"अगं, सहा महिने झाले तू एका बाजूने चावतेस."

"मग? मला दुसरी बाजू आहे. त्याला दुसरे पाय नाहीत. जा, नाव नोंदवून या."

काका उठले. पाकीट हातात होतं. तळव्याला घाम आला होता, पाकीट ओलं व्हायला लागलं होतं. ते दोन पावलं गेले आणि परत फिरले, थेट डॉक्टरबाईंच्या दारात.

"ते वजन चुकीचं आहे," ते म्हणाले.

"माझा काटा बिघडला?"

"काटा बरोबर आहे. मी सांगितलं ते चुकीचं."

आणि मग तिथेच, दारात उभ्यानेच, त्यांनी सगळं सांगितलं. गोणी, पोतं, मूठ, चमचा. बसस्टॉपचा बाकसुद्धा सांगितला, तो कुणी विचारला नव्हता. दार उघडंच होतं. मांजरवाली बाई टोपलीत बघत राहिली. काकू बाकावरून सगळं ऐकत होत्या. पोपटही गप्प होता, आणि काका म्हणतात की त्या दिवशी तो बोलला असता तर फार उपकार झाले असते.

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाल्या, "बसा. जन्माचा दोष असता तर माझ्या हातात फार काही नव्हतं. हे सुधारू शकेल. पावडर आज बंद, मूठ आज बंद. सहा आठवड्यांनी बघू." मग त्यांनी कपाटातून एक साधं, करड्या रंगाचं पोतं काढलं. त्यावर कुत्र्याचं चित्रसुद्धा नव्हतं. ते उलटं करून मागचा बारीक मजकूर दाखवला. "हे वाचायचं असतं. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लांसाठी, कॅल्शियम किती, सगळं लिहिलंय. किंमत तुमच्या त्या पोत्याच्या निम्म्याहून कमी. परवडत नाही एवढं म्हणाला असता तर पहिल्याच दिवशी दिलं असतं."

परवडत नाही. दोन शब्द. काका म्हणतात, तेवढे तोंडातून निघाले असते तर बाकी काहीच झालं नसतं.

घरी येताना काकू रस्ताभर दोन पावलं पुढे चालल्या. जिन्यात काकांनी क्विंटलला उचललं, मधल्या वळणावर दम घ्यायला थांबले, तेव्हा त्या म्हणाल्या, "गोळ्यांचा वास बदलला होता. कळला होता मला. वाटलं, कंपनीने बदलला असेल."

काकांनी क्विंटलला खांद्यावर सावरून घेतलं.

"आणि बसस्टॉपवर उन्हात बसत होता? समोर सावलीचा बाक आहे की."

दुसऱ्याच दिवशी त्या दाढेच्या कामाला गेल्या, काकांना बरोबर घेऊन. पाकिटातले पैसे त्यासाठीच लागले. लेक तिचा हिस्सा देते आता, काका घेतात, आणि घेताना "दे" म्हणतात. चकचकीत पोतं काकूंनी फाडून टाकलं. अन्न काचेच्या बरणीत असतं, आणि तराजू काकूंकडे आहे. त्या मोजतात, काका शेजारी उभे राहतात, हात पाठीमागे.

"बघा, बरोबर आहे का."

"बरोबर आहे."

सहा आठवड्यांनी डावा पाय जवळजवळ सरळ झाला. उजवा किंचित बाहेरच राहिला. डॉक्टरबाई म्हणतात, तेवढं राहील, त्याला त्रास नाही. रस्त्यात कुणी विचारलं की काका सांगतात, "माझ्यामुळे."

क्विंटलचं मात्र एक अजून गेलेलं नाही. रोज वाटी समोर आली, काकूंनी मोजून टाकलं, की तो खायला तोंड घालत नाही. आधी काकांकडे जातो, पाठीमागे बांधलेल्या हातांत नाक खुपसतो आणि मुठीची वाट बघतो. सगळ्यांसमोर. काका मूठ उघडून त्याला रिकामा तळवा दाखवतात. तो तळवा एकदा चाटतो, आणि मग जेवायला वळतो.